सगळं कॉपी केलं, तरी लॅपटॉप सुरू का होईना?

पत्र :

मी घरून अनुवादाचं काम करते. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, आत १ टीबीची हार्ड डिस्क आहे आणि त्यातली साधारण २३० जीबी भरलेली आहे. गेले दोन महिने तो फार रखडतोय आणि मधूनच आतून ‘टक्’ असा आवाज येतो. भाचा म्हणाला, डिस्क जायच्या आत बॅकअप घेऊ. त्याने रात्रभर बसून सी ड्राइव्हमधलं सगळं एक्सटर्नल हार्ड डिस्कवर कॉपी-पेस्ट केलं. काही फाइल कॉपी होत नव्हत्या, तिथे तो ‘स्किप’ दाबत गेला. मग ५०० जीबीची नवी एसएसडी आणून लॅपटॉपात बसवली, तिच्यावर ते सगळं उतरवलं, पण लॅपटॉप सुरूच होईना. बूट करण्यासारखी डिस्क सापडत नाही, एवढंच स्क्रीनवर येतं. शेवटी जुनी डिस्क परत आत घातली आणि तिच्यावरच हे पत्र लिहितेय. सगळं कॉपी झालंय तर चालत का नाही? अख्खी डिस्क जशीच्या तशी कशी उचलायची आणि परत कशी आणायची? भाचा म्हणतो, यापुढे सगळं क्लाउडवर ठेव, बॅकअपची कटकटच नको. तसं चालेल का?

— एक अनुवादक

नमस्कार ताई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतोच, पण त्याआधी एक काम करा. हे वाचून होईपर्यंत लॅपटॉप नुसता चालू ठेवू नका. जी डिस्क रखडते आणि टक् करते, तिच्यात किती तास शिल्लक आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. असतील तेवढे तास कामाच्या गोष्टींवरच खर्च व्हायला हवेत. त्या डिस्कवर ‘चेक डिस्क’ चालवू नका, डीफ्रॅगमेंट करू नका, आणि कुणी ‘एकदा फॉरमॅट मारून बघू’ म्हणालं तर त्याला पाणी विचारा आणि विषय बदला. या तिन्ही उपायांत डिस्कला भरपूर धावाधाव आणि लिहालिही करावी लागते, आणि दुखऱ्या डिस्कला तेच झेपत नाही.

आवाज सतत येत असेल, म्हणजे टक्-टक्-टक् अशी लयच लागली असेल, तर पुढचं काहीही करू नका. लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडे डिस्क सोपवा. त्या आवाजाचा अर्थ बहुधा असा असतो, की वाचणारं हेड तबकडीवर आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. तुमच्या पत्रावरून आवाज अधूनमधूनच येतो असं दिसतं, म्हणून पुढचं लिहितोय. खात्री करायची असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ज्याला ‘स्मार्ट’ म्हणतात, ती हा प्रोग्राम उघडून दाखवतो. त्यातल्या ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी पाहा. पहिलीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागा मोजलेल्या असतात, तर दुसरीत वाचताना अडलेल्या, अजून निकाल न लागलेल्या जागा. दोन्हीकडे शून्य असेल तर हायसं वाटू द्या. आकडा असेल आणि दोन दिवसांनी तो वाढलेला दिसला, तर डिस्क चालली असं समजा.

आता भाच्याने केलेल्या कामाबद्दल. त्याला रागावू नका. तुमची कागदपत्रं, फोटो, अनुवादाच्या फाइल बऱ्यापैकी त्या एक्सटर्नल डिस्कवर आल्या असतील, आणि ते थोडंथोडकं नाही. त्याची गफलत झाली ती एवढीच, की सी ड्राइव्ह म्हणजेच डिस्क असं तो समजला.

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर काय होतं ते बघा. सगळ्यात आधी मदरबोर्डवरचं, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचं, फर्मवेअर जागं होतं. फर्मवेअर म्हणजे त्या पाटीतच भरून ठेवलेला छोटा प्रोग्राम. त्याला विंडोज बिंडोज काही माहीत नसतं. ते डिस्कच्या अगदी सुरुवातीला जातं, तिथला पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवर पाडलेल्या खणांचा, तक्ता वाचतं, आणि त्यात ‘ईएफआय’ नावाचं एक छोटं पार्टिशन शोधतं. हे बहुतेक वेळा १०० एमबीच्या आसपास असतं. त्यात विंडोजचा बूट मॅनेजर राहतो, आणि त्याच्याजवळ एक चिठ्ठी असते, की विंडोज अमुक डिस्कच्या अमुक पार्टिशनवर आहे. त्या चिठ्ठीत ‘सी’ असं अक्षर लिहिलेलं नसतं, त्या पार्टिशनची लांबलचक ओळखखूण असते. बूट मॅनेजर ती खूण धरून जातो, आणि मग कुठे विंडोज हलायला लागतं.

या ईएफआय पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही. जे दिसत नाही ते भाचा कॉपी कसं करणार? नव्या एसएसडीवर तुमचं सगळं सामान पोचलं, पण फर्मवेअरला आत जायला दारच मिळालं नाही. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून जुनी डिस्क पाहिलीत तर तिथे तीन-चार खण दिसतील : ईएफआय, सी, बहुधा शेवटी एक रिकव्हरीचा. डिस्क उचलायची म्हणजे हे सगळे खण, त्यांचा क्रम आणि त्यांच्या खुणा यांच्यासकट उचलायची.

बरं, सी तरी पूर्ण आला होता का? तोही नाही. विंडोज चालू असताना रजिस्ट्रीच्या, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीच्या, फाइल त्याने स्वतः कुलूपबंद धरून ठेवलेल्या असतात. भाच्याने जिथे ‘स्किप’ दाबलं त्यांत त्या होत्या हे मी पैजेवर सांगतो. शिवाय विंडोजच्या फोल्डरमध्ये एकच फाइल दोन-दोन ठिकाणी नावाने हजर असते, प्रत्यक्षात साठवलेली एकदाच. तिला हार्ड लिंक म्हणतात. साध्या कॉपीत हे नातं तुटतं आणि दोन वेगळ्या फाइल तयार होतात. कुठल्या फाइलला कोण हात लावू शकतं याच्या परवानग्याही अशा कॉपीत जशाच्या तशा येत नाहीत. म्हणजे ईएफआय पार्टिशन हाताने बनवून दिलं असतं, तरी हे विंडोज लंगडतच चाललं असतं.

यावर उपाय म्हणजे डिस्क इमेज. फाइल एकेक करून उचलण्याऐवजी डिस्कवरचे ठोकळे जसे मांडलेत तसे वाचायचे, आणि त्यांची एक बंद पेटी करून दुसरीकडे ठेवायची. चांगले प्रोग्राम फक्त वापरात असलेले ठोकळे वाचतात आणि वर दाबून लहानही करतात, म्हणून तुमच्या १ टीबीच्या डिस्कची इमेज २३० जीबीपेक्षा कमीच भरेल. क्लोन हा शब्दही तुमच्या कानावर येईल. त्यात पेटी वगैरे काही नसते, एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर उतरवतात. क्लोन झटपट होतो, पण त्यातून एकच जादा प्रत मिळते. इमेज ठेवून दिली की ती वर्षभराने, दुसऱ्याच डिस्कवर, हव्या तितक्या वेळा उतरवता येते. तुम्ही इमेजच घ्या.

थोडं विषयांतर करतो. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना ‘घोस्ट मारून देतो’ असं बोलताना तुम्ही कदाचित ऐकलं असेल. भुताखेताशी त्याचा संबंध नाही. न्यूझीलंडमधल्या बायनरी रिसर्च या कंपनीने ‘घोस्ट’ नावाचा इमेजिंगचा प्रोग्राम बनवला, १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनीच विकत घेतली, आणि २०१३ मध्ये ‘नॉर्टन घोस्ट’ बंद झालं. प्रोग्राम गेला, क्रियापद मागे राहिलं.

आता प्रत्यक्ष काम. क्रम सांगतो तोच ठेवा, कारण दुखऱ्या डिस्कच्या बाबतीत क्रमालाच महत्त्व आहे.

आधी ज्या फाइल जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्या. भाच्याने केलेली कॉपी उघडा आणि अशा दहा-पंधरा फाइल खरोखर उघडून पाहा. नाव दिसलं म्हणजे फाइल धड आहे असं नव्हे. अनुवादक म्हणून तुमची एक गोष्ट हमखास राहून गेली असेल : ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे जुन्या अनुवादांची वाक्यावार साठवण, आणि शब्दसंग्रह. अनुवादाचे प्रोग्राम हा माल बऱ्याचदा ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘प्रोग्रामडेटा’ अशा लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात, आणि माणूस डॉक्युमेंट्स व डेस्कटॉप घेऊन निश्चिंत होतो. प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या फाइल कुठे आहेत ते बघा आणि वेगळ्या उचलून ठेवा. ईमेल प्रोग्राममध्ये उतरवून ठेवत असाल तर त्याचीही फाइल अशीच कुठेतरी दडलेली असते.

त्यानंतर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात साठवलेली, आहे का ते तपासा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधा. हे मालकाच्या नकळत सुरू झालेलं असू शकतं, कारण काही लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की ते आपोआप लागू होतं. चालू असेल तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. ती कागदावर उतरवून घ्या, लॅपटॉपातल्याच फाइलमध्ये नको. आणि एन्क्रिप्शन बंद करायला जाऊ नका. एरवी मी खुशाल करा म्हटलं असतं, पण ते बंद करताना एन्क्रिप्ट केलेला सगळा भाग उलगडून डिस्कवर पुन्हा लिहिला जातो, आणि तुमची डिस्क त्या अवस्थेत नाही.

एन्क्रिप्शन नसेल, आणि सहा वर्षांच्या लॅपटॉपवर नसण्याचीही बरीच शक्यता आहे, तर माझी पसंती ‘रेस्क्यूझिला’ला. इमेज घेणारा हा प्रोग्राम फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि तो पेनड्राइव्हवरून चालतो. म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोजला उठवतच नाही, स्वतःच उठतो. विंडोज झोपलेलं असल्यामुळे कुठल्याच फाइलला कुलूप नसतं. पडद्यावर माउसने दाबायची मोठी बटणं येतात : बॅकअप, रिस्टोअर, क्लोन, व्हेरिफाय. याचा थोरला भाऊ ‘क्लोनझिला’, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातल्या लोकांनी घडवलेला. तो जास्त ताकदीचा आहे, पण त्याचे पडदे बघून नवख्या माणसाला घाम फुटतो. दोघांच्या इमेजचा साचा एकच आहे, त्यामुळे एकात घेतलेली दुसऱ्यात उतरते. वाचताना डिस्क मध्येच अडली आणि काम थांबलं, तर क्लोनझिलाच्या एक्स्पर्ट मोडमध्ये ‘रेस्क्यू’ असा पर्याय आहे. तो निवडला की खराब जागा ओलांडून प्रोग्राम पुढे जातो.

एन्क्रिप्शन असेल तर बाहेरून उठणाऱ्या या प्रोग्रामना नुसता गोंधळ दिसतो. रिकामी जागा कुठली आणि भरलेली कुठली हे कळत नसल्याने ते पूर्ण १ टीबी जसाच्या तसा उचलतात. अशा वेळी विंडोजच्या आतूनच इमेज घ्यावी. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ आहे, ज्याच्या नावाला अजून ‘विंडोज ७’ असं शेपूट लागलेलं आहे. त्यात डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच याला निवृत्तांच्या यादीत टाकलं आणि दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम वापरा असं सांगितलं, पण तुमच्या एका वेळच्या कामाला ते पुरेल. विंडोज त्या क्षणाचं एक स्थिर चित्र धरून ठेवतं आणि त्यावरून वाचतं, म्हणून चालू असतानाही इमेज घेता येते. ही इमेज मात्र उघडी असते, एन्क्रिप्ट नसते. ती डिस्क कुलपात ठेवा. आणि तयार होणाऱ्या ‘विंडोजइमेजबॅकअप’ या फोल्डरचं नाव बदलू नका, तो दुसऱ्या फोल्डरच्या आतही हलवू नका. रिस्टोअर करणारा भाग याच नावाचा फोल्डर डिस्कच्या पहिल्याच पातळीवर शोधतो. अनेकांची इमेज धडधाकट असून ‘सापडत नाही’ ती एवढ्यामुळेच.

इमेज घेण्याआधी लॅपटॉप शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा. साध्या शट डाउनमध्ये विंडोज पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं, डिस्क पूर्ण मिटून ठेवत नाही, आणि बाहेरचा प्रोग्राम मग तक्रार करतो. लॅपटॉपला चार्जर लावलेलाच राहू द्या. जिच्यावर इमेज जाणार ती एक्सटर्नल डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची आहे ना बघा. जुन्या एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

वेळ किती लागेल? एक्सटर्नल हार्ड डिस्क आणि यूएसबी ३ चं पोर्ट असेल तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे २३० जीबीला चाळीसेक मिनिटं. तीच डिस्क यूएसबी २ च्या पोर्टात खुपसली तर वेग ३५ वर येतो आणि पावणेदोन तासांच्या वर जातं. तुमची डिस्क रखडत वाचणार, तेव्हा हा हिशोब दुप्पट-तिप्पट धरा. टक्केवारी अडकल्यासारखी वाटली तरी अर्धा तास तरी हात लावू नका.

इमेज झाली की रेस्क्यूझिलातलं ‘व्हेरिफाय’ करा. त्यातून पेटी धड आहे, फाटलेली नाही, एवढं कळतं. उतरवल्यावर लॅपटॉप चालेल की नाही, हे फक्त उतरवूनच कळतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीत काय झालं ते बघा. रात्री थकलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसायची आज्ञा दिली आणि लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी गेलं. बॅकअपच्या एकूण पाच तऱ्हा लावून ठेवल्या होत्या. रोजचा बॅकअप उघडला तर आत काहीच नाही. बॅकअपच्या प्रोग्रामची आवृत्ती जुळत नसल्याने तो घेतलाच जात नव्हता, आणि ‘अपयश’ कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच. ही मंडळी रोजीरोटीच यावर कमावणारी, आणि त्यांनीही परत आणून पाहिलं नव्हतं.

तर परत आणणं. यात माझा एकच हट्ट आहे आणि तो मी मोडू देणार नाही : ज्या डिस्कवरून इमेज घेतली, तिच्यावरच ती उतरवायची नाही. रिस्टोअर म्हणजे समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसून त्यावर लिहिणं. इमेजमध्ये खोट निघाली तर जुनंही गेलं आणि नवंही आलं नाही. जुनी डिस्क बाहेर काढा, कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, आणि नव्या डिस्कवर उतरवा. चाललं तर उत्तम. नाही चाललं तर तुम्ही आज आहात तिथेच आहात, खड्ड्यात नाही.

आता ५०० जीबीच्या एसएसडीचं. माल २३० जीबीचाच असला तरी १ टीबीच्या डिस्कची इमेज ५०० वर सरळ उतरत नाही. पार्टिशनच्या तक्त्यात सी ची हद्द ९०० जीबीच्या पुढे लिहिलेली आहे, आणि नव्या डिस्कवर तेवढी जमीनच नाही. विंडोजची स्वतःची सिस्टिम इमेजही लहान डिस्क नाकारते. आधी सी आकसून मग इमेज घेता येते, धडधाकट डिस्क असती तर मी तेच सुचवलं असतं. पण आकसताना दूरवर पडलेल्या फाइल ओढून अलीकडे आणाव्या लागतात, आणि पुन्हा तेच, तुमच्या डिस्कला ही ओढाताण नको. सरळ १ टीबीची एसएसडी घ्या. घेताना आकडा नीट वाचा. ९६० जीबीची डिस्क १ टीबीपेक्षा लहानच, आणि थोडी लहान असली तरी नकार तोच. विंडोज १ टीबीला ९३१ जीबी म्हणून दाखवतं ती फसवणूक नाही. बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने.

नवी एसएसडी लॅपटॉपात बसवा, रेस्क्यूझिलाचा पेनड्राइव्ह आणि इमेजची एक्सटर्नल डिस्क लावा, बाकी जे काही यूएसबीला असेल ते सगळं काढा. मग ‘रिस्टोअर’. प्रोग्राम विचारेल, कुठली इमेज आणि कुठल्या डिस्कवर. इथे थांबा आणि चहा बाजूला ठेवा. डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी येतात, त्यांवर विसंबू नका. शेजारी मॉडेलचा क्रमांक आणि आकार असतो, तो आधीच कागदावर लिहून घ्या आणि जुळवून बघा. हे मी एवढं ताणून सांगतोय कारण मी स्वतः एकदा ठेचकाळलोय. दोन डिस्क, एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. मी क्लोन करत होतो, आणि कुठून आणि कुठे यांची अदलाबदल केली. वीस मिनिटांत माझ्या भरलेल्या डिस्कवर कोऱ्या डिस्कची अगदी तंतोतंत, बिनचूक प्रत तयार झाली. प्रोग्रामने ‘नक्की ना?’ असं विचारलं होतं. मीच घाईघाईने ‘हो’ म्हटलं होतं.

विंडोजची सिस्टिम इमेज घेतली असेल तर वाट वेगळी : विंडोजचा इन्स्टॉलेशन किंवा रिकव्हरीचा पेनड्राइव्ह लावून उठवा, ‘ट्रबलशूट’मध्ये जा आणि पुढच्या पर्यायांत ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’ निवडा.

उतरवून झालं की पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू करा. जुनी डिस्क मात्र लगेच यूएसबीला लावू नका. दोन्ही डिस्कच्या ओळखखुणा आता एकसारख्या आहेत, त्यामुळे विंडोज गोंधळतं आणि एकीला ‘ऑफलाइन’ करून टाकतं. मदरबोर्ड तोच असल्याने विंडोजचा परवाना मागितला जाणार नाही. बिटलॉकर होता तर नव्या डिस्कवर तो पुन्हा चालू करावा लागेल, आणि मध्येच त्याने की मागितली तर तो ४८ आकडी कागद हाताशी असू द्या. ट्रान्सलेशन मेमरी उघडून एखादं जुनं वाक्य शोधा, प्रिंट काढून पाहा, ईमेल बघा. इमेज रविवारी घेतली आणि रिस्टोअर बुधवारी केलं, तर तुम्ही रविवारी परत गेलेल्या असता. मधल्या तीन दिवसांचं काम वेगळं उचललेलं असेल तरच ते मिळेल. ‘बॅकअप होता तरी फाइल गेल्या’ अशी जी पत्रं मला येतात, त्यांतली बरीचशी या मधल्या दिवसांची असतात.

क्लाउडचं काय? भाच्याचं अर्धं बरोबर आहे. लॅपटॉप चोरीला गेला किंवा पाण्यात पडला तर क्लाउडवरच्या फाइल राहतील, म्हणून ते जरूर चालू ठेवा. पण ‘वनड्राइव्ह’ किंवा ‘गूगल ड्राइव्ह’ जुळवाजुळव करतात. इकडे पुसलं की तिकडेही पुसतात, इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते. वैयक्तिक वनड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. चूक एकतिसाव्या दिवशी लक्षात आली तर? आणि तुमचे प्रोग्राम, फाँट, शब्दकोश, सहा वर्षांत बसवलेली सगळी घडी यातलं काहीच त्यात नसतं.

नेमाने काय करावं, तर पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशोब मला अजूनही पटतो : तीन प्रती, दोन वेगळ्या तऱ्हेच्या साधनांवर, एक घराबाहेर. तुमच्यापुरतं सांगायचं तर लॅपटॉपात एक, एक्सटर्नल हार्ड डिस्कवर एक, आणि क्लाउडवर कामाच्या फाइल. इमेज दर तीन महिन्यांनी पुरे. शिवाय मोठा बदल करण्याआधी एक घ्या. तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपलाय, आणि ११ वर उडी मारण्याची आदली संध्याकाळ ही इमेज घेण्याची सगळ्यात योग्य वेळ. निदान मागच्या दोन इमेज ठेवा, नवी झाली म्हणून जुनी लगेच पुसू नका. रोजच्या फाइलसाठी विंडोजमधली ‘फाइल हिस्टरी’ चालू करा, ती दर तासाला बदललेल्या फाइल उचलते.

त्यासाठी ती ५०० जीबीची एसएसडी वापरा. एका यूएसबी केसमध्ये घातली की छान एक्सटर्नल डिस्क होते. इमेज मात्र हार्ड डिस्कवरच राहू द्या. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता ती फार काळ पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो, म्हणून वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती बरी नव्हे. आणि इमेजची डिस्क काम झालं की काढून ठेवा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ पसरला तेव्हा आणि त्यानंतरही खंडणीखोर व्हायरसांनी लॅपटॉपाला जोडलेल्या डिस्कही त्याच झपाट्यात कुलूपबंद केल्या. कपाटातल्या डिस्कपर्यंत कुठलाच व्हायरस पोचत नाही.

जुनी डिस्क निदान तीन महिने ठेवा. काहीतरी राहिलेलं आठवतं ते बहुधा दुसऱ्या महिन्यात.

ता. क. रेस्क्यूझिला टाकताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. त्यात आधीचं काही असेल तर काढून घ्या. आणि हा पेनड्राइव्ह दुखऱ्या लॅपटॉपवर बसून बनवू नका, भाच्याचा लॅपटॉप मागा. एवढ्या रात्रभराच्या मेहनतीनंतर तो नाही म्हणणार नाही.